मदिरा, मदैरा आणि पिंप

दिवाळीच्या अंकात एका शाळामास्तराने दारूवर लेख लिहावा, हे पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील, याची मला कल्पना आहे. त्यांना एवढेच सांगतो, की हा लेख दारूपेक्षा एका चुकीविषयी अधिक आहे, आणि ती चूक माझी स्वतःची आहे.

चार वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. काळ अठराव्या शतकाच्या अखेरचा, स्थळ मुंबईचा कोट, नायक कंपनीच्या वखारीतला एक मराठी कारकून. त्या काळच्या इंग्रजांच्या मेजवान्यांची वर्णने वाचताना एक नाव मला पानोपानी भेटू लागले. ते म्हणजे मदैरा. आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात त्या नावाचे एक पोर्तुगीज बेट आहे, आणि तिथली द्राक्षाची दारू हिंदुस्थानातल्या साहेबाच्या टेबलावर असायचीच. माझ्या आजोबांनी मला लहानपणी अमरकोश पाठ करायला लावला होता. दारूच्या नावांच्या यादीत 'मदिरा' हा शब्द तिथे आहेच. इकडे मदिरा, तिकडे मदैरा. आणि मध्ये गोव्यात साडेचारशे वर्षे बसलेले पोर्तुगीज. आणखी काय पाहिजे? मी प्रस्तावनेत ठोकून दिले, की पोर्तुगीजांनी आपला 'मदिरा' शब्द गोव्याहून उचलून नेला, आणि त्यावरूनच त्या वाइनला व त्या बेटाला नाव मिळाले. ते वाक्य मला फार आवडले होते. दोन व्याख्यानांत मी ते म्हणून दाखवले आणि दोन्ही ठिकाणी टाळ्या घेतल्या.

पुढे तीन महिन्यांनी एक पोस्टकार्ड आले. लिहिणारे गृहस्थ मुंबईच्या गोदीत हिशेबनीस होते, आता निवृत्त. मजकूर चारच ओळींचा. त्याचा आशय असा, की मदैरा बेट पोर्तुगीजांना सापडले १४१९ साली, आणि वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. मधल्या एकोणऐंशी वर्षांत आपला शब्द कोणत्या गलबतातून गेला, तेवढे कळवावे.

मी इतिहास शिकवतो. सनावळ्या चुकल्या म्हणून मी मुलांचे गुण कापतो. त्या दिवशी वर्गात जाताना मला चोरासारखे वाटले.

पदवीचे शेपूट माझ्या नावामागे नाही. त्यामुळे चूक झाली तर ती झाकायलाही काही नाही. मी पुन्हा वाचायला बसलो. त्या वाचनातून जे हाती आले, ते माझ्या त्या लाडक्या वाक्यापेक्षा कितीतरी चांगले निघाले, म्हणून हा लेख.

पोर्तुगीज भाषेत 'मदैरा' म्हणजे लाकूड. बेटावर घनदाट अरण्य होते, म्हणून ते नाव. चौदाव्या शतकातल्या एका इटालियन नकाशावर हे बेट 'लाकडाचे बेट' याच अर्थाच्या इटालियन नावाने दाखवलेले आहे. तेव्हा शब्दाचा उगम लॅटिनमध्ये, आणि आपल्या मदिरेतला 'मद्' हा धातू वेगळाच. नुसता आवाज सारखा. गावातले दोन पाटील एकाच आडनावाचे असले, म्हणजे भाऊबंद असतातच असे नाही.

वसाहत करणाऱ्यांनी ते अरण्य पेटवून दिले. आग सात वर्षे जळत होती, असे सांगतात. बेटाच्या मुख्य शहराचे नाव फुंशाल, तेही तिथे माजलेल्या बडीशेपेवरून पडले. लाकूड आणि बडीशेप! नावे ठेवण्यात या दर्यावर्दी लोकांनी डोक्याला फारसा त्रास करून घेतलेला दिसत नाही.

मोकळ्या केलेल्या जमिनीत पहिले मोठे पीक घेतले ते द्राक्षाचे नव्हे, उसाचे. बेट म्हणजे समुद्रातून उभा राहिलेला डोंगर. सपाटी अशी नाहीच. उतारावर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेते केली आणि डोंगरातले पाणी कड्याकपारीतून पाट खोदून आणले. आपल्या कोकणातल्या माणसाला ती चित्रे पाहून परके वाटणार नाही. मात्र हे काम पुष्कळसे गुलामांच्या हातून झाले. आफ्रिकेतून आणि जवळच्या कॅनरी बेटांतून माणसे धरून आणलेली होती. फुंशाल शहराच्या राजचिन्हावर साखरेच्या पाच ढेपा आहेत. त्या कोणी वाहिल्या, ते चिन्हावर नाही.

आणि इथे मला माझा पहिला दिलासा मिळाला. पोर्तुगीज साखरेला 'असूकर' म्हणतात. तो शब्द त्यांनी अरबांकडून घेतला, अरबांनी इराण्यांकडून, आणि इराण्यांनी आपल्या 'शर्करे'वरून. म्हणजे आपला एक शब्द त्या बेटावर खरोखरच पोहोचला होता. तोही वास्को द गामाच्या आधी, पोर्तुगीजांच्या मदतीवाचून. मी टाळ्या घेतल्या त्या चुकीच्या शब्दावर.

सोळाव्या शतकात ब्राझीलची साखर स्वस्त पडू लागली, आणि उसाच्या जागी वेल चढले. हिंदुस्थानकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेवरच बेट पडते. इंग्लंडहून निघालेले जहाज तिथे थांबे, पाणी भरी, वाइनची पिपे चढवी, आणि मग आफ्रिकेला वळसा घालून मुंबई, मद्रास किंवा कलकत्ता गाठी. कॅप्टन कुक १७६८ साली आपल्या पहिल्या सफरीवर निघाला, तेव्हा त्यानेही इथे तीन हजार गॅलनांहून अधिक वाइन घेतली. इंग्रज व्यापाऱ्यांनी तर बेटावर ठाणच मांडले. स्कॉटलंडच्या फ्रान्सिस न्यूटनने १७४५ साली सुरू केलेली पेढी पुढे कोसार्ट गॉर्डन या नावाने प्रसिद्धीस आली. जॉन ब्लँडीची पेढी १८११ ची.

आता मुख्य गंमत. साध्या वाइनला उष्णता म्हणजे मरण. वैशाखात उघडी ठेवलेली आमटी आणि विषुववृत्तावरच्या जहाजाच्या पोटातली वाइन, दोघींची गत एकच. म्हणून पिपात थोडी ब्रँडी घालण्याची पद्धत अठराव्या शतकात रूढ झाली. तरीही पिपे उन्हातान्हात, लाटांवर हिंदकळत महिनोन्महिने जात. कधी काही पिपे विकली न जाता तशीच परत येत. असे नापसंत होऊन माहेरी परत आलेले पीप फुंशालमध्ये फोडून पाहिले, तर आतली वाइन बिघडलेली नव्हती. उलट पहिल्यापेक्षा कितीतरी सरस झाली होती. रंग गडद, वास खोल, आणि चव अशी, की बेटावर राहिलेल्या पिपाला ती कधी आली नसती.

व्यापारीच ते. त्यांनी पुढे मुद्दाम पिपे फिरायला पाठवायला सुरुवात केली. इंग्लंडच्या वाटेने नव्हे, पूर्वेकडे. हिंदुस्थानापर्यंत जायचे, किनारा पाहायचा आणि परत यायचे. येताजाता विषुववृत्त चार वेळा ओलांडले जाई. या वाइनला पोर्तुगीज 'वीन्यु द रोदा' म्हणत, म्हणजे फेरीची वाइन, आणि तिला भाव जास्त मिळे. काशीला जाऊन आलेल्या माणसाला गावात मान मिळतो, त्यातलाच हा प्रकार.

म्हणजे पाहा, मी शब्दाच्या मागे लागून 'आपण त्यांना नाव दिले' असे म्हणत होतो. नाव दिले नव्हते. पण त्या वाइनला तिची चव आली ती याच उन्हाच्या वाटेवर, आपल्या समुद्रावर.

हे लक्षात आल्यावर फुंशालच्या लोकांनी प्रवासाचा खर्च वाचवायच्या युक्त्या काढल्या. एक म्हणजे तापवण्याची खोली. अठराव्या शतकाच्या शेवटी ती आली. आजही साधी वाइन टाकीत घालून ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने तापवतात. चांगल्या वाइनची रीत निराळी. तिची पिपे कोठाराच्या वरच्या मजल्यावर, छपराखाली, लाकडी तुळयांवर वर्षानुवर्षे ठेवून देतात. उन्हाळ्यात तापतात, हिवाळ्यात निवतात, दरवर्षी थोडी वाइन लाकडातून उडून जाते. एकाच सालच्या द्राक्षाची, सालाचे नाव लावून विकायची जी सर्वांत उंची वाइन, ती निदान वीस वर्षे पिपात राहिल्याशिवाय बाटलीत भरता येत नाही. वीस वर्षे! आमच्या शाळेत पहिलीत आलेले पोर तेवढ्या वेळात स्वतःच्या पोराला शाळेत घालायला येते.

मुरणे म्हणजे काय, हे मला उमगले ते मात्र एका विशिष्ट सालामुळे. १७९२ सालची एक मदैरा होती. त्याच सालच्या जून महिन्यात महादजी शिंदे पुण्यास आले होते. ते १७९४ मध्ये वारले, नाना फडणवीस १८०० मध्ये गेले, १८०२ मध्ये वसईचा तह झाला. ही वाइन पिपातच होती. १८१५ च्या ऑगस्टमध्ये नेपोलियनला सेंट हेलेनाकडे नेणारे 'नॉर्दम्बरलंड' हे जहाज फुंशालपाशी थांबले. तिथला इंग्रज वकील हेन्री व्हीच जहाजावर गेला, त्याने कैद्याला 'महाराज' म्हणून संबोधले आणि या वाइनचे एक पीप त्याच्या स्वाधीन केले. नेपोलियनचे पोट बिघडलेले. त्याने ते फोडलेच नाही. १८१८ मध्ये इकडे पेशवाई बुडाली. १८२१ मध्ये नेपोलियन वारला आणि पीप मदैराला परत आले. ब्लँडीने १८४० मध्ये ती वाइन बाटल्यांत भरली. यातल्या काही बाटल्या उरल्या, आणि १९५० च्या जानेवारीत बेटावर चित्रे काढायला व विश्रांतीला आलेल्या विन्स्टन चर्चिलच्या पुढे त्यांतली एक ठेवली गेली, अशी हकिकत मदैरातले लोक सांगतात. चर्चिलने ती आपल्या हाताने पाहुण्यांना वाढली म्हणे. आपल्या स्वराज्याला जन्मभर विरोध केलेला हा गृहस्थ महादजींच्या काळची वाइन पीत होता, आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेस इकडे भारत प्रजासत्ताक झाला. कादंबरीकाराने असा योगायोग रचला असता, तर संपादकांनी तो कापून टाकला असता.

बेटाचे पुढे वाईट दिवस आले. १८५२ च्या सुमारास वेलींवर बुरशी पडली, १८७२ पासून मुळे खाणारी कीड आली, आणि मळेच्या मळे बसले. पण माणसे त्याच्याही आधीपासून बाहेर पडू लागली होती. १८३५ पासून मदैराचे गरीब शेतकरी ब्रिटिश गयानात उसाच्या मळ्यांवर मजुरीला जाऊ लागले. तीनच वर्षांनी, १८३८ मध्ये, त्याच गयानात आपल्या देशातले पहिले गिरमिटिये उतरले. साखरेने दोघांनाही तिथे नेले. या माणसांची एकमेकांशी काय बोलणी झाली असतील, हे मला एखाद्या दिवशी कादंबरीत लिहायचे आहे.

आता चवीविषयी. न चाखता लिहायचे नाही, अशी मी पोस्टकार्डानंतर शपथ घेतली होती. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत योग आला. माझा एक जुना विद्यार्थी जहाजावर इंजिनियर आहे, राहतो वास्कोला. लिस्बनहून येताना त्याने दोन बाटल्या आणल्या होत्या, दोन्ही दहा वर्षे मुरलेल्या. "गुरुजी, तुमच्या कादंबरीतली दारू आणली आहे. काकूंनाही घेऊन या," असा त्याचा फोन आला. आम्ही दोघे गेलो. हिने फराळाचा डबा बरोबर घेतला होता, हे पुढे फार उपयोगी पडले.

मदैराच्या मुख्य जाती चार, आणि त्यांची नावे द्राक्षांवरून आहेत. सेर्सियाल सर्वांत कोरडी, वेर्देल्यो तिच्याहून किंचित गोड, बोआल बरीच गोड आणि मालवाझिया सर्वांत गोड. इंग्रज हिला मामझी म्हणतात. आमच्यापुढे होत्या वेर्देल्यो आणि मालवाझिया. लहान पेल्यात दोन बोटे. रंग कोऱ्या चहाचा. वास आधी घ्यावा, असे विद्यार्थ्याने सांगितले; मास्तराने निमूटपणे ऐकले. भाजलेला अक्रोड, संत्र्याची वाळलेली साल, आणि मागे आजीच्या लाकडी पेटीचा वास. मग घोट. गोडी येते, आणि ती जिभेवर रेंगाळणार, असे वाटते न वाटते तोच मागून आंबटपणा येऊन सगळे तोंड धुऊन नेतो. आवळा खाऊन पाणी प्यावे तसे. हिने पेल्याला हात लावला नाही, नुसते बोट बुडवून जिभेला लावले आणि म्हणाली, "अहो, ही तर काकवी. पण कोकम पिळलेली."

मी इतकी पाने वाचली, पण मदैराचे याहून नेमके वर्णन मला कुठे मिळाले नाही. हा आंबटपणाच तिला शंभर-शंभर वर्षे जिवंत ठेवतो. नुसती गोडी असती, तर ती कधीच मिट्ट होऊन बसली असती.

खाण्याशी जोडी कशी लावावी? पूर्वीच्या साहेबाला हा प्रश्न पडत नसे. तो सगळ्यांबरोबर तीच पिई. १७८० साली कलकत्त्यात राहणाऱ्या एलायझा फे या बाईने आपल्या पत्रात भर दुपारी दोन वाजताच्या जेवणाची यादी दिली आहे. सूप, भाजलेली कोंबडी, रस्सा-भात, मटणाची पाय, कोकराचे मांस, तांदळाची खीर, चीज, लोणी, पाव आणि उत्तम मदैरा. मदैरा तेवढी महाग, बाकी सगळे स्वस्त, अशी तिची तक्रार. उन्हाळ्यात एवढे जेवून ही माणसे संध्याकाळपर्यंत जगत कशी, हे मला कोडे आहे. काही जगत नसतही.

आमचा अनुभव असा. वेर्देल्यो आणि खारे काजू यांचे उत्तम जमते; मिठाने तिच्यातला अक्रोड वर येतो. आमच्या चकलीशी मात्र तिचे भांडण झाले. तिखटाने जीभ आधीच पेटलेली, त्यावर ही वाइन म्हणजे आगीत तेल. मालवाझियाबरोबर यजमानीणबाईंनी बेबिंक दिले. नारळाचे दूध, अंडी, साखर यांचे ते थरावर थर. मला वाटले गोडावर गोड होऊन उबग येईल. तसे झाले नाही. तो आंबटपणा मध्ये पडला आणि दोघांनाही हलके करून गेला. पण खरी बाजी मारली ती डब्यातल्या अनारशाने. गूळ, भाजकी खसखस, तूप. आणि त्यामागून मालवाझियाचा एक घोट. ही जोडी मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. जे घेत नाहीत, त्यांनी अनारसे नुसते खावेत; त्यांचे काही अडत नाही.

सेर्सियालला पूर्वापार सोबत आहे ती पातळ सूपची, खारवलेल्या बदामांची आणि धुरावर वाळवलेल्या मासळीची. बोआल चीजबरोबर घेतात. एक साधा नियम विद्यार्थ्याने सांगितला: पदार्थ वाइनपेक्षा अधिक गोड असू नये, नाहीतर वाइन बिचारी फिकी पडते. बाटली आडवी ठेवू नये, उभी ठेवावी. आणि एकदा फोडली म्हणून संपवायची घाई नको, महिनोन्महिने राहते. जिने हवा, ऊन आणि समुद्र आधीच सोसले आहेत, तिला आता काय होणार?

बेटावर मालवाझियाबरोबर खातात तो 'बोलु द मेल', म्हणजे मधाचा केक. नाव मधाचे, पण आत मध नसतो. असते उसाची काकवी. तो सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात, आणि वर्षभर टिकतो. हिने बोट बुडवून 'काकवी' म्हटले, ते उगीच नव्हे.

त्या संध्याकाळी खरा धक्का बसला तो शेवटी. बाटलीबरोबर आलेले माहितीचे पत्रक विद्यार्थी वाचून दाखवत होता. त्यात मापाचा उल्लेख आला. मदैराचे मोठे पीप सुमारे ४१८ लिटरांचे असते, त्याला पोर्तुगीज शब्द 'पिपा'. तो थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, पिपा म्हणजे आपले पिंप?"

मी खिडकीतून बाहेर पाहिले. अंगणात नळाखाली निळे प्लॅस्टिकचे पिंप भरत होते.

घरी आल्यावर मोन्सिन्योर दालगादो या गोमंतकीय पंडिताचा ग्रंथ मिळवला. आशियाई भाषांत गेलेल्या पोर्तुगीज शब्दांवर त्यांनी १९१३ साली लिहिलेला. १९३६ साली बडोद्याहून त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. पगार, चावी, बटाटा, कोबी यांच्या पंगतीत 'पिपा' तिथे बसलेला आहे, आणि त्याच्यापुढे आपले पीप. पीप, पिंप दोन्ही तोच शब्द. या लेखात मी आतापर्यंत किती वेळा तो लिहिला, वाचकांनी मोजावे. मदिरेच्या शोधात मी चार वर्षे अमरकोश चाळत होतो, आणि खरा पाहुणा माझ्या न्हाणीघरात पाणी भरून उभा होता.

साहेबांनी रिचवलेल्या बाटल्यांचे पुढे काय होई, हेही जाता जाता सांगतो. मुंबईत त्या रिकाम्या बाटल्यांचा मोठा व्यापार चाले. १७८३ साली जन्मलेले जमशेटजी जीजीभाई तरुणपणी आपल्या मामांच्या, फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्या, याच धंद्यात शिरले; काही काळ त्यांनाही लोक बाटलीवाला म्हणत. पुढे चीनशी व्यापार करून ते सर झाले, आणि त्यांच्या नावाचे रुग्णालय व कलाशाळा मुंबईत आहेत.

आमच्या दोन बाटल्यांपैकी एक हिने मागून आणली, धुतली, आणि आता तिच्यात काकवी असते.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे. प्रस्तावनेतले ते वाक्य मी काढले, आणि त्या जागी पिंपाविषयी चार ओळी घातल्या. छापायला देण्यापूर्वी त्यांची एक प्रत गोदीतल्या त्या गृहस्थांकडे पाठवली. आठ दिवसांत पोस्टकार्ड आले. पिंपाचे पटले, असे त्यांनी लिहिले होते. खाली एक ओळ होती: 'बाटली' हा शब्द इंग्रजांचा की पोर्तुगीजांचा, तेवढे आवृत्ती निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.